आधी तुझं वाचन सांग

रेडिओलॉजीचे अभ्यासक्रम आखणाऱ्या, परीक्षा घेणाऱ्या आणि शिकवणारे विभाग चालवणाऱ्या सर्वांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

काही दिवसांपूर्वी पहिल्या वर्षाची एक निवासी डॉक्टर माझ्या शेजारी बसून छातीचे एक्स-रे वाचत होती. एका एक्स-रेवर ती बराच वेळ थांबली. मी विचारलं, "काय दिसतंय?" ती म्हणाली, "मॅडम, एआयच्या सॉफ्टवेअरनं काही दाखवलेलं नाही." मी म्हटलं, "ते असू दे. तुला काय दिसतंय?" ती माझ्याकडे बघत राहिली. हा प्रश्न तिला फारसा कुणी विचारत नसावा, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी सॉफ्टवेअरच्या खुणा बंद केल्या आणि सांगितलं, "हृदयाच्या सावलीच्या आरपार बघ." दहा-पंधरा सेकंदांत तिनं बरोबर बोट ठेवलं. हृदयामागे शिडासारखी तिकोनी सावली होती. डाव्या फुप्फुसाचा खालचा खंड मिटून बसला होता. तिला ते दिसू शकत होतं. तिनं ते पाहावं अशी अपेक्षाच कुणी ठेवली नव्हती.

त्या दिवसापासून हे पत्र मनात घोळतं आहे. माझी मागणी एकच आहे. शिकणाऱ्या डॉक्टरनं प्रत्येक तपासणीचं स्वतःचं वाचन आधी करावं, ते लिहून ठेवावं, आणि मगच एआयचं किंवा वरिष्ठांचं मत उघडावं. हा नियम अभ्यासक्रमात लेखी यावा आणि त्यासाठी लागणारा वेळ व माणसं हिशेबात धरून यावा. पुढे जे लिहिते आहे ते ही मागणी का, हे सांगण्यासाठी.

मी शिकले तेव्हा फिल्मचे दिवस होते. वाचनाची खोली अंधारी, भिंतीवर फिल्म लावायच्या उजेडाच्या पेट्यांची, व्ह्यू बॉक्सची रांग, टेबलावर जाडजूड पाकिटांचे ढीग. तातडीचा रुग्ण असला की डार्करूममधून ओली फिल्म हँगरसकट यायची आणि पाणी ठिबकत असतानाच ती वाचावी लागायची. आमचे सर फिल्म लावायचे, दोन पावलं मागे सरकायचे आणि म्हणायचे, "आधी तुझं वाचन सांग." ते स्वतः तोवर एक शब्द बोलत नसत. चुकलो तर रागावत नसत, पण मोघम बोललेलं चालत नसे. "जरा पांढरं दिसतंय" म्हटलं की विचारायचे, कुठे, केवढं, कडा कशी आहे, मागच्या फिल्ममध्ये होतं का? मागची फिल्म पाकिटातून काढून शेजारी लावल्याशिवाय "होतं" किंवा "नव्हतं" म्हणायची सोय नव्हती. फुप्फुसांची टोकं, हृदयामागची जागा, श्वासपटलाखालचा भाग, बरगड्या, खांद्याची हाडं, फिल्मच्या कडा, हा क्रम अंगात भिनेपर्यंत त्यांनी आमच्याकडून वदवून घेतला. आजही मॉनिटरसमोर माझे डोळे त्याच वाटेनं फिरतात.

हे आठवणीत रमणं नव्हे. ती खोली परत यावी असं माझं म्हणणं नाही. या शाखेत जुनं कौशल्य बाजूला ठेवण्याची वेळ अनेकदा आली आहे आणि बहुतेक वेळा ते योग्यच झालं आहे. काय सोडायचं आणि काय राखायचं हे ओळखायचं असेल तर मात्र या शाखेचा प्रवास एकदा नीट पाहायला हवा.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म रॉन्टगेन यांना एक्स-किरण सापडले. वर्ष संपण्याआधी त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि १८९६ मध्ये ग्लासगो रॉयल इन्फर्मरीत एक्स-रेचा स्वतंत्र विभागही उभा राहिला. इतक्या वेगानं रुग्णापर्यंत पोचलेले शोध वैद्यकात फार थोडे आहेत. पण ही यंत्रं चालवणारे लोक कोण होते? डॉक्टर होते, तसे छायाचित्रकार होते, विजेची कामं करणारे होते. प्रशिक्षण असं काही नव्हतंच. नळीतून किरण पुरेसे निघतात की नाही हे पाहायला ते स्वतःचाच हात मध्ये धरत. एडिसन यांच्या प्रयोगशाळेतला क्लॅरेन्स डॅली असाच दिवसेंदिवस काम करत राहिला. त्याचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो कर्करोगानं गेला. अशा कितीतरी जणांची नावं १९३६ साली हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात उभारलेल्या स्मारकावर कोरलेली आहेत. त्यात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, तंत्रज्ञ आहेत. यंत्र आधी आलं आणि ते कसं वापरायचं याचं शिक्षण मागाहून आलं, त्या मधल्या काळाची ती यादी आहे.

शिक्षण आलं ते हळूहळू. पहिल्या महायुद्धात मारी क्युरी यांनी एक्स-रेच्या फिरत्या गाड्या आघाडीपर्यंत नेल्या आणि त्या चालवण्यासाठी सुमारे १५० स्त्रियांना शिकवलं. त्या धामधुमीतही त्यांनी बटणं दाबायला शिकवण्यावर भागवलं नाही. वीज, किरण, शरीररचना असा रीतसर पाठ होता. १९२१ मध्ये ब्रिटनमध्ये किरणांपासून बचावाची समिती बसली, १९२८ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर तसंच मंडळ आलं, १९३४ मध्ये अमेरिकेत रेडिओलॉजीचं परीक्षा मंडळ स्थापन झालं. तेव्हापासून रेडिओलॉजिस्ट हा फिल्म काढून देणारा माणूस राहिला नाही. फिल्मचा अर्थ सांगायचा आणि त्या अर्थाची जबाबदारी घ्यायची, हे त्याचं काम ठरलं.

मेंदूच्या बाबतीत तर हा अर्थ किती आडवळणानं काढावा लागे! साध्या एक्स-रेत कवटी दिसते, मेंदू दिसत नाही. १९१८-१९ मध्ये वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून त्यांच्या सावल्या पाहिल्या. १९२७ मध्ये एगाश मोनिझ यांनी रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचा नकाशा मिळवला. गाठ स्वतः दिसायची नाही; पोकळी किती सरकली, रक्तवाहिनी कुठे वाकली, यावरून ती कुठे असेल हे ओळखायचं. हवेच्या तपासणीनं रुग्णाचं डोकं असह्य दुखायचं, उलट्या व्हायच्या. पिढ्यान्‌पिढ्या रेडिओलॉजिस्टांनी त्या वाचनात आयुष्य घातलं. मग १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं सीटी स्कॅन झालं. चित्र होतं ८० गुणिले ८० चौकटींचं, आजच्या नजरेला अगदी ओबडधोबड. पण त्यात गाठ दिसत होती. हवेची तपासणी काही वर्षांतच इतिहासजमा झाली. ते कौशल्य गेलं आणि कुणीही त्यासाठी हळहळू नये. रुग्णाचे हाल वाचले.

त्या पहिल्या सीटीत मला आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. गॉडफ्री हाउन्सफिल्ड हे अभियंते. त्यांच्यासोबत जेम्स अँब्रोज हे रेडिओलॉजिस्ट होते, जुन्या पद्धतीनं मेंदू वाचण्यात मुरलेले. नव्या यंत्राचं चित्र खरं आहे की भास, हे ठरवायला जुन्या वाचनानं घडलेली नजर लागली. नवं तंत्र पारखायला यंत्राबाहेरची एक नजर हवी असते. ती नजर तयार होणंच बंद झालं तर पुढचं यंत्र कोण पारखणार, हा माझा प्रश्न आहे.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. एमआरआय आलं, १९८९ च्या सुमारास सर्पिल सीटी आलं, त्यानंतर दशकभरात एका फेरीत अनेक छेद घेणारी यंत्रं आली. फिल्म गेली, मॉनिटर आले. आम्ही सीटी शिकत होतो तेव्हा एका रुग्णाचे तीस-चाळीस छेद दोन-तीन मोठ्या फिल्मवर छापून यायचे. आता एका तपासणीत हजारभर चित्रं सहज असतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या संस्थेनं १९९९ ते २०१० या काळातल्या स्वतःच्या कामाचा हिशेब मांडला. आठ तासांच्या दिवसात सीटी-एमआरआयचं काम उरकायचं तर सरासरी तीन-चार सेकंदांत एक चित्र पाहावं लागतं, असं त्यातून निघालं. तो हिशेब २०१५ मध्ये छापून आला. काम त्यानंतर कमी झालेलं नाही.

या वेगात पहिला बळी गेला तो शेजारी बसून शिकवण्याचा. वाचनाची खोली रिकामी झाली. पूर्वी सर्जन आणि फिजिशियन फिल्म बघायला खाली यायचे. "पोट कसं लागतंय हाताला?" असं सर त्यांना विचारायचे आणि त्या उत्तरानं कधी कधी आमचं वाचन बदलायचं. आता त्यांच्या टेबलावर तेच चित्र, तोच रिपोर्ट क्षणात पोचतो, म्हणून कुणी येत नाही. वरिष्ठ दुसऱ्या इमारतीत किंवा घरी बसून रिपोर्ट तपासतात. निवासी डॉक्टरनं कच्चा रिपोर्ट लिहायचा, वरिष्ठांनी तो दुरुस्त करून सही करायची, आणि काय दुरुस्त झालं हे त्या डॉक्टरला कळेलच याची खात्री नाही. मी स्वतः अशा विभागात काम केलं आहे. दिवसाला किती रिपोर्ट झाले याचा तक्ता तिथे दर महिन्याला यायचा. शिकवण्यात किती वेळ गेला याचा रकानाच त्यात नव्हता. जे मोजलं जात नाही त्याला वेळ कुठून मिळणार?

आता चुकांबद्दल. आपल्या शाखेत यावर मोकळेपणानं बोललं जात नाही, आणि प्रशिक्षणाचा गाभा तर इथेच आहे.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस लिओ हेन्री गारलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीच्या फिल्म अनुभवी वाचकांना दिल्या. दोष असलेल्या फिल्मपैकी सुमारे ३० टक्के फिल्ममधला दोष त्यांच्या नजरेतून निसटला. अनेकांना ते पटेना. पण नंतरच्या अभ्यासांतही आकडे त्याच आसपास राहिले. १९७५ मध्ये हॅरोल्ड कुंडेल आणि कॅल्व्हिन नोडाइन यांनी उलट बाजूनं पाहिलं. छातीची फिल्म सेकंदाचा फक्त पाचवा हिस्सा दाखवली, तरी जाणकार वाचकांनी सुमारे ७० टक्के दोष ओळखले. डोळा फिरवायलाही वेळ नाही आणि तरी इतकं दिसतं. म्हणजे मुरलेल्या रेडिओलॉजिस्टच्या मनात निरोगी छातीचं एक चित्र आधीच तयार असतं आणि समोरची फिल्म त्याच्याशी जुळत नाही हे त्याला विचार करण्याआधीच जाणवतं. पुढचा शोध त्या जाणिवेचा माग काढत चालतो.

हे मनातलं चित्र येतं कुठून? हजारो निरोगी फिल्म पाहून. याचा विचार फार कमी होतो, म्हणून जरा थांबते. निरोगी छाती एकसारखी नसते. कुणाच्या उजव्या फुप्फुसात अझायगस शिरेमुळे एक जादा खंड असतो. कुणाच्या मानेत जन्मजात जादा बरगडी असते. स्तनाग्राची सावली गाठीसारखी गोल दिसते, केसांची वेणी फुप्फुसाच्या टोकावर पडून क्षयासारखी भासते, त्वचेची घडी छातीत हवा साचल्याचा आभास देते. लहान मुलाच्या छातीत मोठी दिसणारी थायमस ग्रंथी पाहून नवशिक्या डॉक्टरला घाम फुटतो. हे सगळं निरोगीपणाचंच रूप आहे, आणि ते ओळखू येतं ते पुन्हा पुन्हा पाहिल्यावर. आता ज्या तपासण्या एआयला निरोगी वाटतात त्या आपोआप वेगळ्या काढाव्यात असा विचार पुढे येतो आहे. कामाचा भार हलका करायला तो मोहक आहे. पण शिकणाऱ्याच्या हातून निरोगी फिल्म गेल्या, तर त्याच्या मनात ते चित्र कशानं तयार होईल? रोगट फिल्म तेवढ्या पाहून रेडिओलॉजिस्ट तयार होत नाही. परीक्षेलाही हे लागू आहे. ब्रिटनच्या एफआरसीआर या रेडिओलॉजिस्टांच्या परीक्षेत बरीच वर्षं झटपट वाचनाचा एक भाग होता आणि त्यात निरोगी एक्स-रे मुद्दाम मिसळलेले असत. "यात काहीही नाही" असं ठामपणे म्हणता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्यानं त्याखाली सही केली आहे त्यालाच कळतं.

चुकांचा दुसरा प्रकार मी स्वतः भोगला आहे. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी एका रुग्णाच्या छातीत उजव्या बाजूला भरपूर पाणी साठलेलं होतं. फिल्म लावताच दिसत होतं. मी ते लिहिलं, पाण्याची पातळी लिहिली, हृदय डावीकडे ढकललं गेल्याचं लिहिलं, आणि समाधानानं फिल्म उतरवली. दुसऱ्या दिवशी सरांनी ती परत लावली आणि डाव्या खांद्याच्या फऱ्याच्या हाडावर पेन टेकवला. हाडाची कड पोखरलेली होती. पाणी का झालं याचं उत्तर त्या कोपऱ्यात होतं. एक मोठी गोष्ट सापडली की नजर तृप्त होते आणि शोध थांबतो. या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी या चुकीला फार पूर्वीच नाव दिलं आहे, शोधाचं समाधान. सर इतकंच म्हणाले, "पाणी तर वॉर्डबॉयलाही दिसलं असतं." तीसहून अधिक वर्षं झाली. त्यानंतर छातीत पाणी दिसलं की आधी मी हाडं बघते.

ती चूक माझी होती, म्हणून ती माझी शिकवण झाली. मी आधी काही ठरवलं होतं, लिहिलं होतं, त्याखाली माझी सही होती. मग ते चुकीचं निघालं. या दोहोंमधल्या अंतरातून नजर घडते. वरिष्ठांनी पहिल्याच क्षणी ते हाड दाखवलं असतं तर मी मान डोलावली असती आणि आठवड्याभरात विसरून गेले असते.

मुरलेल्या नजरेलाही मर्यादा आहेत, हे मला लपवायचं नाही. २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्रू आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या सीटीत गोरिलाचं चित्र घातलं, नेहमीच्या गाठीपेक्षा ४८ पट मोठं. गाठी शोधायला बसवलेल्या २४ रेडिओलॉजिस्टांपैकी २० जणांना तो दिसला नाही, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट त्याच्यावरून गेली होती. जे शोधायला सांगितलं तेच दिसतं. म्हणून दुसरी नजर हवी, आणि ती यंत्राची असेल तर मी तिचं स्वागतच करते.

एआयबद्दल माझं मत साफ आहे. २०१६ मध्ये एआयचे नामवंत शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्याहून सरस होईल, असं जाहीरपणे म्हटलं. त्या सुमारास कित्येक हुशार मुलामुलींनी ही शाखा घ्यावी की नाही, असं मला घाबरून विचारलं होतं. ती पाच वर्षं उलटून गेली आणि रेडिओलॉजिस्ट कमी पडत आहेत. पण म्हणून यंत्र निकामी ठरत नाही. स्वीडनमध्ये ८०,०००हून अधिक स्त्रियांच्या मॅमोग्राफीवर, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेवर, झालेल्या चाचणीचे पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये आले. एआयची मदत घेतली तेव्हा कर्करोग सापडण्याचं प्रमाण कमी झालं नाही आणि वाचनाचा भार ४४ टक्क्यांनी घटला. ही फार मोठी गोष्ट आहे. याउलट, १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली मॅमोग्राफीतली संशयास्पद जागांवर संगणकानं खुणा करायची जुनी पद्धत अनेक वर्षं सर्रास वापरात होती, आणि २००७ मधल्या एका मोठ्या अभ्यासात तिनं अचूकता कमी झाल्याचं व बायोप्सी वाढल्याचं दिसलं. दोन्ही उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवायला हवीत.

तिसरं उदाहरण मात्र तुमच्या प्रत्येक बैठकीच्या टेबलावर असावं असं मला वाटतं. २०२३ मध्ये जर्मनीतल्या एका गटानं २७ रेडिओलॉजिस्टांना मॅमोग्राम वाचायला दिले, सोबत एआयचा म्हणून एक निष्कर्ष दिला. काही निष्कर्ष मुद्दाम चुकीचे होते. निष्कर्ष बरोबर असताना नवख्यांचं वाचन सुमारे ८० टक्के वेळा बरोबर आलं. निष्कर्ष चुकीचा असताना ते २० टक्क्यांवर घसरलं. अत्यंत अनुभवी वाचकांचंही घसरलं, ८२ वरून ४५ वर. पण दोघांमधला फरक पाहा. यंत्र चुकतं तेव्हा रुग्णाला वाचवणारी जी काही शक्ती आहे ती अनुभवात आहे, आणि तीही जेमतेम निम्मी पुरते. आपण नवख्यांना पहिल्या दिवसापासून यंत्राचं उत्तर समोर ठेवून शिकवलं, तर हा अनुभव त्यांना मिळणार कधी? दहा वर्षं यंत्राच्या मतावर सही केली म्हणजे दहा वर्षांचा अनुभव झाला, असं आपण धरून चाललो आहोत का?

म्हणून माझी मागणी पुन्हा, जरा तपशिलात. शिकणाऱ्याच्या लॉगिनवर एआयच्या खुणा आणि निष्कर्ष आपोआप उघडू नयेत. त्यानं आपलं वाचन लिहून बंद केलं की मगच ते दिसावेत. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. सॉफ्टवेअर विकत घेताना तशी अट घालायची आहे. तातडीच्या रुग्णाला यामुळे उशीर होता कामा नये. मेंदूतला रक्तस्राव यंत्रानं पकडला तर तो वरिष्ठांच्या पडद्यावर त्याच क्षणी जावा, शिकणाऱ्याच्या वाचनाची वाट न बघता. शिकणाऱ्याचं वाचन समांतर चालू राहील.

त्याच्या बंद झालेल्या वाचनात आणि अंतिम रिपोर्टात जो फरक पडेल तो त्याला त्याच आठवड्यात दिसला पाहिजे, आणि महिन्यातून एकदा कुणीतरी त्याच्या शेजारी बसून त्यावर बोललं पाहिजे. रिपोर्टाच्या पुढेही जायला हवं. शस्त्रक्रियेत काय निघालं, पॅथॉलॉजीनं काय सांगितलं, रुग्ण पुढे कसा राहिला, हे शोधून काढणं प्रशिक्षणाचा भाग व्हावं आणि त्यासाठी आठवड्यातले दोन तास राखून ठेवावेत. शिकवणाऱ्याचा वेळ कामाच्या तासांत धरावा. हा मुद्दा मान्य झाला नाही तर बाकीचे सगळे कागदावर राहतील, हे मी अनुभवानं सांगते.

सोनोग्राफीबद्दल थोडक्यात. १९५८ मध्ये इयन डोनाल्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध आला तेव्हापासून आजवर या तपासणीत चित्र हातातून येतं. अंगावर फिरवायचा प्रोब कुठे दाबायचा, रुग्णाला कुशीवर कधी वळवायचं, दुखतं कुठे हे विचारत विचारत कसं बघायचं, हे दुसऱ्यानं साठवलेली चित्रं वाचून येत नाही. काही ठिकाणी शिकणारे डॉक्टर महिनोन्‌महिने प्रोब हातात न धरता रिपोर्ट लिहितात. ते थांबायला हवं.

रुग्णाजवळ जाणं ही रेडिओलॉजीची चैन नव्हे. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट चार्ल्स डॉटर यांच्याकडे ८२ वर्षांची एक स्त्री आली. पायाला गँगरीन होऊ लागलं होतं, पाय कापावा असा सल्ला मिळाला होता आणि ती नाही म्हणत होती. डॉटर यांनी रक्तवाहिनीतून नळ्या सरकवून अरुंद झालेली जागा रुंद केली. पाय वाचला. तिथून रेडिओलॉजिस्ट उपचार करू लागला. ते घडू शकलं, कारण डॉटर यांना फिल्ममधल्या अरुंद रेषेबरोबर ती बाईही दिसत होती. आजच्या प्रशिक्षणात किती जणांना आपण ज्याचा रिपोर्ट लिहितो त्याचा चेहरा दिसतो?

यावर तुमच्यातले काही म्हणतील की इतका वेळ आहे कुठे, तपासण्या तुंबलेल्या आहेत, रुग्ण रिपोर्टची वाट बघत बसले आहेत. हे खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एआयमुळे जो वेळ वाचणार आहे तो कुठे जाणार, हे मात्र आजच ठरवता येईल. तो सगळा आणखी रिपोर्ट उरकण्यात जाऊ नये. त्यातला काही भाग शिकवण्याच्या नावानं आधीच लिहून ठेवा, कारण नंतर तो उरणार नाही.

शेवटी एक गोष्ट देऊ करते. ते खांद्याचं हाड निसटलं त्या आठवड्यात सरांनी मला एक वही आणायला सांगितली होती. तारीख, तपासणी, मी काय म्हटलं, प्रत्यक्षात काय निघालं, आणि नजर कुठे थांबली, असे पाच रकाने त्यांनी स्वतः आखून दिले. ती सवय सुटली नाही. अशा अकरा वह्या माझ्याकडे आहेत आणि शेवटची नोंद मागच्या महिन्यातली आहे. माझ्या निवासी डॉक्टरांनाही मी तेच रकाने आखून देते. हृदयामागची ती शिडासारखी सावली तिच्या वहीत पहिल्या पानावर आहे. रुग्णांची ओळख कुठेही उघड होणार नाही अशा रीतीनं या नोंदी उतरवून द्यायची माझी तयारी आहे. अभ्यासक्रमाच्या पुढच्या बैठकीत त्या उपयोगी पडणार असतील तर कळवा, मी घेऊन येईन.

आपली,
एक रेडिओलॉजिस्ट